विंकीच्या पायाला चिठ्ठी नव्हती

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धातील कबुतरांवर आलेल्या लेखात, ‘विंकी’ या कबुतराने समुद्रात अडकलेल्या विमानातील माणसांची चिठ्ठी किनाऱ्यावर पोहोचवली, असे म्हटले आहे. लेख वाचनीय असला तरी हे विधान दुरुस्त व्हायला हवे. विंकीच्या पायाला चिठ्ठी नव्हतीच, आणि त्या सुटकेतले खरे अवघड काम त्यामुळेच किनाऱ्यावरच्या माणसांच्या वाट्याला आले.

२३ फेब्रुवारी १९४२ रोजी नॉर्वेकडील कामगिरीवरून परतणारे ब्रिटिश हवाई दलाचे ब्यूफोर्ट जातीचे बॉम्बफेकी विमान उत्तर समुद्रात कोसळले. चौघे जण रबरी तराफ्यावर चढले खरे, पण ते नेमके कोठे आहेत हे किनाऱ्यावर ठाऊक नव्हते. विमान आदळताना पेटीतून सुटलेली विंकी (ती मादी होती) तेलाने माखलेल्या पंखांनी सुमारे १९० किलोमीटर उडून, स्कॉटलंडमधील डंडीजवळच्या ब्रॉटी फेरी येथील आपल्या ढाबळीत पोहोचली. मालकाने तत्काळ हवाई दलाला कळवले. विमान पडल्याची वेळ व पक्षी परतल्याची वेळ यांतले अंतर, वाऱ्याची दिशा आणि पिसांवरच्या तेलामुळे मंदावलेला वेग, एवढ्याच आधारावर हवाई दलाच्या लोकांनी तराफ्याच्या जागेचे गणित मांडले. त्यानुसार शोधाचे क्षेत्र बदलताच थोड्याच वेळात चौघेही सापडले. फेब्रुवारीतल्या त्या थंडीत, पाण्यापासून वितभर अंतरावर भिजून बसलेल्या माणसांच्या दृष्टीने काही तासांचा फरक म्हणजे काय, हे सांगायला नको. विंकीला डिसेंबर १९४३ मध्ये डिकिन पदक (युद्धातील कामगिरीसाठी प्राण्यांना दिला जाणारा ब्रिटिश सन्मान) मिळाले, ते योग्यच झाले. गणित करणाऱ्यांना मात्र आपल्या लेखात एक ओळही मिळालेली नाही.

या संदर्भात आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लिश खाडीवर हवाई लढाई पेटली, तेव्हा पाण्यात पडलेल्यांना शोधून काढण्याची जर्मनांची व्यवस्था ब्रिटिशांपेक्षा कितीतरी सरस होती. त्यांच्याकडे त्यासाठी पाण्यावर उतरणारी विमाने होती, आणि पाणी रंगवून आपली जागा दाखवणारी भुकटी त्यांचे वैमानिक जवळ बाळगत. ब्रिटिशांनी स्वतंत्र सागरी बचाव संचालनालय उभारले ते १९४१ मध्ये. पुढे तराफ्यावर बसून हाताने दांडा फिरवला की आपोआप संकटसंदेश पाठवणारा, पतंगाने तार उंच चढवणारा जो बिनतारी संच दोस्त राष्ट्रांच्या विमानांत आला, तो पकडलेल्या जर्मन संचावरूनच बेतलेला होता. १९४३ पासून हडसन विमानांतून पॅराशूटने शिडाची व इंजिनाची होडीही टाकता येऊ लागली. तिचा आराखडा उफा फॉक्स या बोटीबांधणीतल्या जाणकाराचा. पण होडी टाकायची तरी माणसे आधी सापडावी लागत, आणि लाटांमध्ये पिवळ्या ठिपक्यासारखा भासणारा तराफा विमानातून दिसणे किती कठीण, याची कल्पना कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात होडी शोधणाऱ्याला सहज येईल.

तेव्हा आपण पुढील अंकात विंकीच्या चिठ्ठीविषयीची दुरुस्ती छापावी, आणि जागा असल्यास त्या गणिताचाही उल्लेख करावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, रत्नागिरी