आशावैनी, तुमच्या वहीतल्या त्या पानाबद्दल

वैनी,

तुमचं नाव इथं लिहीत नाही. तुम्ही गावच्या आशा कार्यकर्त्या, म्हणून सगळे तुम्हाला आशावैनीच म्हणतात, तेवढं पुरे. हे पत्र मागंच लिहायला हवं होतं. पण लिहायला बसलं की सुरुवात आईपासून व्हायची आणि गाडी तिथंच अडायची. म्हणून आज सुपापासून सुरू करते.

आईचं सूप तुम्ही विसरला नसाल. चाळीस वर्षं ती ते मांडीवर घेऊन विड्या वळत आली. एका बाजूला कातरलेली तेंदूची पानं, दुसऱ्या बाजूला जर्दा. कर्नाटकातल्या आमच्या निपाणी भागात अशी सुपं घरोघरी. त्यामुळं तिच्या खोकल्याकडं कुणी लक्षच दिलं नाही. तंबाखूचा खोकला, त्यात नवीन ते काय? २०२१ च्या मे महिन्यात तुम्ही मात्र अंगणात थांबलात, जरा ऐकलंत आणि भावाला म्हणालात, "हा खोकला वायला आहे." ८ मेला आईला आणि थोरल्या काकांना तुम्हीच आरोग्य केंद्रात नेलंत. कोरोनाची रॅपिड टेस्ट झाली. दोघंही पॉझिटिव्ह.

काकांना दुसऱ्याच दिवशी धाप लागली. बेळगावात एका मोठ्या हॉस्पिटलच्या दारात अर्धा दिवस ॲम्ब्युलन्स उभी राहिली, तेव्हा कुठं बेड मिळाला. तिसऱ्या दिवशी फोन आला. पिशवीची चेन वीतभर उघडून भावाला लांबून तोंड दाखवलं आणि सदाशिवनगरच्या स्मशानात तिथल्या तिथं उरकलं. काकूला अजूनही वाटतं, पिशवीत दुसरंच कुणीतरी होतं. तिची समजूत आम्ही काढायची सोडून दिली आहे.

हे ऐकल्यावर आईनं हॉस्पिटलचं नावच टाकलं. "मरायचं तर माझ्या दारात मरतो," म्हणाली. (आमच्याकडच्या बायका करतो, येतो, जातो असंच म्हणतात. माझ्या पुण्याच्या जावेला ते अजून खटकतं.) तुम्ही तिला रागावला नाहीत. फक्त म्हणालात, "बरं, मग मी रोज येतो."

आणि खरंच आलात. सकाळी एकदा, दिवस मावळताना एकदा. उंबऱ्याबाहेर उभं राहून ऑक्सिमीटर सुपात ठेवायचा, सूप काठीनं आत सरकवायचं, आईनं बोट घालायचं आणि आकडा ओरडून सांगायचा. आईला अंक जेमतेम वाचता यायचे. एकदा तिनं ९१ चे १९ सांगितले आणि तुम्ही चप्पल न काढता थेट आत धावलात, हे भावानं मला फोनवर सांगितलं तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो. तुमचं माहेर गोकाककडचं. घाईत तुमच्या तोंडून आकडे कानडीतच निघायचे, तोंबत्तोंदु, एंबत्तेंटु. आई विचारायची, "म्हंजे जगतो न्हवं मी?"

मी कोल्हापुरात. शे-दीडशे किलोमीटरचा प्रश्न नव्हता, तासाभराचा रस्ता. पण हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवल्याशिवाय महाराष्ट्रातून कुणाला सोडत नव्हते, तोही बहात्तर तासांच्या आतला. स्वॅब देऊन मी रिपोर्टची वाट बघत बसले होते. १९ मेच्या पहाटे आई गेली. रिपोर्ट त्या दिवशी दुपारी आला. नाक्यावरच्या पोलिसानं तो बघून "जा बाई" म्हटलं, त्याचा काय दोष?

खांदा द्यायला गल्लीतलं कुणी पुढं येईना. तुम्ही आरोग्य केंद्रातून चार पीपीई किट आणलीत, तरुण मंडळाच्या पोरांना कसं घालायचं, कसं काढायचं ते शिकवलंत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आई गेली. मला तोंड बघायला मिळालं नाही, पण भावानं बघितलं, जवळून, पाणी पाजून. काकूकडं बघितलं की ह्याची किंमत कळते.

इथवरचं आभार मानण्यासारखं आहेच. पण मला ज्यासाठी लिहायचं आहे ते पुढं घडलं.

कोरोनानं गेलेल्यांच्या घरच्यांना मिळणाऱ्या मदतीसाठी काकांचे कागद सरळ झाले. आईचा अर्ज परत आला. कचेरीतल्या एका माणसानं कानडीत भावाला विचारलं, "घरी वारल्या ना? मग कोरोना कसा?" जणू काही तो रोग फक्त हॉस्पिटलच्या गेटच्या आतच मारतो. मरणाचा दाखला होता की हातात. पण दाखल्यावर कारण छापतच नाहीत, १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातच तशी मनाई आहे. कारण असतं वेगळ्या कागदावर. दवाखान्यात वारलेल्याचा नमुना ४, बाहेर वारलेल्याचा ४-अ. नमुना ४ हॉस्पिटल भरतं. ४-अ भरायचा तो शेवटच्या आजारात ज्यानं बघितलं त्या डॉक्टरनं. आता खेड्यात शेवटच्या आजारात डॉक्टर बघतो कुणाला?

भाऊ हात टेकून बसला होता. कानडी आम्हाला बोलता येतं, वाचता येत नाही, आणि फॉर्म सगळे कानडीत. तेव्हा तुम्ही ती लांबडी वही घेऊन आलात. वहीत आईचं नाव कानडी अक्षरांत. मला त्यातलं एक अक्षर लागलं नाही, पण पुढचे आकडे लागले: टेस्टची तारीख, एसआरएफ नंबर (म्हणजे टेस्टच्या नोंदीचा नंबर), आणि खाली ऑक्सिमीटरचे रोजचे दोन-दोन. ९४, ९३. ९१, ९१. ९०, ८८. शेवटच्या ओळीत एकच आकडा आणि पुढं रेघ. एसआरएफचा मेसेज ज्या मोबाइलवर आला होता तो काकांचा, तो हॉस्पिटलातच कुठंतरी गहाळ झाला. तो नंबर जगात फक्त तुमच्या वहीत उरला होता.

केंद्राच्या ३ सप्टेंबर २०२१ च्या मार्गदर्शक सूचना तुम्हीच आम्हाला समजावल्यात: टेस्ट पॉझिटिव्ह आल्यापासून तीस दिवसांच्या आत माणूस गेला तर तो कोविडनंच गेला असं धरायचं, मरण दवाखान्याबाहेर आलं असलं तरी. आई अकराव्या दिवशी गेली. रॅपिड टेस्टसुद्धा चालते, हेही तुम्हीच सांगितलंत. वही घेऊन तुम्ही आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांसमोर बसलात. ४-अ वर सही झाली. जिल्ह्याच्या समितीकडचा तक्रार अर्ज तुम्ही कानडीत लिहिलात आणि खाली आमच्यासाठी पेन्सिलीनं मराठीत अर्थ लिहून ठेवलात. दोन महिन्यांनी आईचं नाव यादीत चढलं.

पन्नास हजार केंद्राच्या नियमानं आले, बीपीएलचे म्हणून राज्याचे एक लाख वेगळे. पैसे पैशाच्या जागी. भाऊ त्या दिवशी दारूच्या दुकानासमोरून सरळ घरी आला आणि म्हणाला, "आई आता मेली बघ." मला त्याचं बोलणं कळलं. तोवर ती नुसतीच नाहीशी झाली होती.

अशी किती राहिली असतील? ५ मे २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की २०२० आणि २०२१ मिळून भारतात नेहमीपेक्षा सुमारे ४७ लाख मरणं जादा झाली. सरकारी आकडा पावणेपाच लाखांच्या आसपासचा. सरकारला ती पद्धतच मान्य नाही. मी विड्या वळणाऱ्या बाईची पोर, मला पद्धतीतलं काय कळणार? पण आमच्या एका घरात दोन मेले आणि वहीशिवाय एकच मोजला गेला असता, एवढा हिशेब मला येतो.

२०२० च्या जुलैत राज्यातल्या आशा बारा हजार मानधनासाठी संपावर गेल्या होत्या. मे २०२२ मध्ये त्याच जागतिक संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "गौरव पोचला, मानधन वाटेत आहे."

त्या पानाचा मी मोबाइलवर फोटो काढून ठेवला आहे. वही मागितली होती, तुम्ही दिली नाहीत. मागच्या कोऱ्या पानांवर बाळांच्या डोसांची यादी सुरू केली होती, म्हणालात. बरं केलंत.

सूप भिंतीला टांगलेलं आहे. दिवाळीला मी माहेरी येणार आहे. तुम्हाला अजून उंबऱ्याबाहेरूनच हाक मारायची सवय आहे, भाऊ सांगत होता. ह्या वेळी चप्पल काढून आत या वैनी. बसा जरा. मी चहा टाकतो.

तुमचीच,
विडीवालीची थोरली