जवारीमागचं शास्त्र उलगडून दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार चारचौघांत मानावेत असं अब्बांच्या आणि माझ्या फार मनात होतं, म्हणून हे जाहीर पत्र.

मिरजेत पिढ्यान् पिढ्या तंबोरे होतात. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण जवारी, म्हणजे तारेला घोडीवर येणारा तो झणझणीत, भरलेला नाद, बोलते ती का, हे आम्हाला कधी कुणी सांगितलं नव्हतं. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, पुन्हा कानस. अब्बांनी मान डोलावली की काम झालं.

तुम्ही सी. व्ही. रामन यांचा १९२१ चा निबंध मराठीतून समजावलात. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा हे स्वरांश, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, चौपट, सहापट कंपनांचे सूर, उमटायला नकोत. तंबोऱ्यात मात्र ते खणखणीत ऐकू येतात. तुम्ही ते लॅपटॉपवर आलेखात दाखवलंत, एकेका स्वरांशाचे सुळके ओळीने उभे! मग घोडीपाशी तारेखाली बारीक सळई सरकवून तार उचललीत, तर सम सुळके बसले आणि आवाज मुका झाला. अब्बा कितीतरी वेळ सळई घालून-काढून ऐकत होते. तार खाली येताना घोडीच्या उतारावर टेकत जाते, वर जाताना सुटते, आणि या टेकण्या-सुटण्यातून वरचे स्वरांश जागे राहतात. तार आणि घोडी यांच्यामधलं सूत जरासं सरकवलं की आवाज का उघडतो, तेही तेव्हाच कळलं.

खरा उपयोग झाला तो जोडीच्या तंबोऱ्यांना. आता एकाची जवारी जमली की तिचा आलेख ठेवतो आणि दुसऱ्याचा त्याच्याशी ताडून बघतो. कुठला स्वरांश लवकर विरतो ते दिसतं, मग कानस कुठे लावायची याचा अंदाज येतो. खरजाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या सुराच्या, पितळी तारेला तर फारच मदत होते. भोपळा प्रत्येक वेगळा, त्यामुळे आलेख तंतोतंत जुळत नाहीत. शेवटचा हात अब्बांच्या कानानेच फिरतो, आणि तो तसाच फिरावा असं तुम्हीच बजावलंत. आधी त्यांचं सगळं ऐकून, वहीत उतरवून मगच तुम्ही यंत्र काढलंत, याचं अब्बांना फार अप्रूप आहे.

धाकटा भाऊ आता जवारी शिकतोय. शिंगाची आणि आबनुसाची अशा एकाच मापाच्या दोन घोड्या त्याने तुमच्यासाठी तयार ठेवल्यात. सवडीने या, दोन्ही मोजून बघू.

आपला कृतज्ञ,
मिरजेतला एक तंतुवाद्य कारागीर