आधी दिवा, मग बेला

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

प्रयोग संपल्यावर लोक आत येऊन माझं कौतुक करतात, तेव्हा आमच्या नाटकाची प्रकाशयोजना करणारे तुम्ही वर केबिनमध्ये आवराआवर करत असता. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

पॅट्रिक हॅमिल्टन यांचं 'गॅस लाइट' हे नाटक १९३८चं, पण त्यातला दिवाणखाना १८८० सालच्या लंडनमधला. नवरा घराबाहेर पडतो आणि थोड्या वेळाने खोलीतला गॅसचा दिवा आपोआप मंदावतो. बंद असलेल्या वरच्या मजल्यावर कुणीतरी दुसरा दिवा लावला, की नळीतला दाब कमी होतो आणि खालची ज्योत बसते. अख्ख्या रहस्याची किल्ली त्या ज्योतीत आहे. त्याच्या बायकोला, म्हणजे मी करते त्या बेलाला, ती दिसते. पण तुझं डोकं ठिकाणावर नाही, हे नवऱ्याने तिच्या मनावर इतकं बिंबवलंय की तिचा स्वतःच्या डोळ्यांवरही भरवसा उरलेला नाही.

तालमीत तुम्ही मला सांगितलंत, "दिव्याकडे बघू नकोस. आधी प्रेक्षकांना दिसू दे." आणि फेडर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची सरकपट्टी, इतका सावकाश खाली आणलात, की पुढच्या रांगेतल्या माणसालाही खात्री वाटू नये. प्रयोगात त्या क्षणी अंधारातून कुजबुज येते, "लाइट कमी झाली का गं?" ती ऐकू आली की माझा हात थांबतो. बेलाची भीती तोवर अख्ख्या थिएटरची झालेली असते. इतकी मोठी मदत मला कुठल्याही सहकलाकाराने केलेली नाही.

रंगासाठी तर तुम्ही हट्टच धरलात. गॅसचा दिवा म्हटलं की आपल्याला पेट्रोमॅक्सचा पांढरा लख्ख उजेड आठवतो. पण १८८०मध्ये गॅसच्या दिव्यांना मँटल, म्हणजे ज्योतीवरची ती पांढरी जाळी, नव्हतं. उघडी, पिवळसर ज्योत असायची. थिएटरचे एलईडी मंद करताना शेवटी झटके देत होते, म्हणून तुम्ही तारेचे जुने दिवे शोधून आणलेत. ते मंदावताना तांबूस होत जातात, अगदी ज्योतीसारखे. भिंतीवरचा दिवा आणि वरच्या दांडीवरचे स्पॉट एकाच श्वासात उतरावेत म्हणून तुम्ही रात्री उशिरापर्यंत थांबलात. चहा गार झाला तरी उठला नाहीत.

त्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १८८०ला, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं, हे तुम्हीच एकदा बोलता बोलता सांगितलंत. त्या दिवसापासून ते परकं घर मला इतकं लांबचं वाटेनासं झालं. बेलाच्या चालण्यातला अवघडलेपणा तिथेच गळून पडला.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. डिमरवर, म्हणजे दिवे मंद-तेज करायला, बसणाऱ्या मुलाला तुम्ही क्यूचा, म्हणजे कुठल्या वाक्याला कुठला दिवा याचा, कागद दिलातच, पण माझ्या खांद्यांकडे बघून फेडर हलवायलाही शिकवलंत. मी एखाद्या रात्री वाक्य लांबवलं, तर तो थांबतो. इतक्या लहान वयात ही समज त्याला तुमच्यामुळे आली.

पुढच्या प्रयोगाला शेवटचा नमस्कार करताना तुम्ही रंगमंचावर हवे आहात. केबिनमधून खाली यायला वेळ लागतो, ही सबब चालणार नाही; तोवर पडदा पाडायचा नाही, असं मी दिग्दर्शकांकडून कबूल करून घेतलं आहे.

तुमची,
बेला