तळ दाखवणाऱ्या माणसास

सप्रेम नमस्कार,

तुमचं खरं नाव मला माहीत नाही. सेकंड लाइफ या इंटरनेटवरच्या आभासी जगात तुमच्या डोक्यावर जे नाव तरंगतं ते इथे लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, एवढं मात्र ओळखलंय. तुम्ही काका आहात की काकू, तेही विचारलं नाही. त्या जगात असं कुणी विचारत नाही. तेव्हा नुसतं 'तुम्ही' म्हणते. खाजगीत आभार मानले तेव्हा "अहो, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदललात. इथे तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मी आभासी जगातल्या दुकानासाठी जुन्या काळातले जोडे घडवते. जाड खिळे ठोकलेले रोमन शिपायांचे जोडे, चौदाव्या-पंधराव्या शतकातले लांबच लांब चोचीचे पूलेन (इंग्लंडच्या चौथ्या एडवर्डला १४६३ मध्ये त्या चोचींवर दोन इंचांची मर्यादा घालणारा कायदा करावा लागला होता, आमच्याकडे तसला कायदा नाही, म्हणून चोची चढावर जमिनीत घुसतात). "खोट्या पायांसाठी खोटे जोडे" असं ऐकवणारे भेटतात. भेटू देत. त्या जोड्यांवर घातलेला वेळ खोटा नसतो.

अडकले होते ती अठराव्या शतकातल्या बायकांच्या रेशमी बुटात. वरून तो बूट समजायला कठीण नाही. संग्रहालयांनी अशा बुटांचे सुंदर फोटो मांडून ठेवलेत, आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ मध्ये स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या आपल्या वस्तूंचे फोटो कुणालाही, कशासाठीही वापरायला मोकळे केले, त्याबद्दल त्यांचेही आभार आहेतच. पण बहुतेक फोटो बाजूने काढलेले. टाचेचा बाक, रेशमावरची फुलं, तळाच्या कडेने धावणारी पांढऱ्या कातड्याची बारीक पट्टी, सगळं दिसतं. तळ दिसत नाही. संग्रहालयाच्या कपाटातला बूट उभाच असतो, त्यामुळे त्यांचं काही अडत नाही. आमच्या जगात माणसं झोपाळ्यावर बसतात, गुडघे टेकतात, नाचतात, पाण्यात पाय सोडून तासन् तास गप्पा मारतात, आणि कॅमेरा हवा तिथे, अगदी जमिनीखालूनही फिरवता येतो. तिथे आधी तळच दिसतो.

त्यातून या बुटांची एक गंमत. उत्तर इंग्लंडमधल्या विंडोलांडा या जुन्या रोमन लष्करी ठाण्याच्या चिखलातून रोमन काळातले हजारो जोडे निघाले. त्यांचे तळ पाहिले तर डावा कुठला नि उजवा कुठला हे सहज कळतं. पण १६०० च्या सुमारास युरोपात टाचा रुळल्या आणि पुढची दोनशेच्या आसपास वर्षं बहुतेक बूट सरळ फर्म्यावर (ज्यावर बूट शिवतात त्या पायाच्या आकाराच्या लाकडी साच्यावर) शिवले गेले. डावा नाही, उजवा नाही, दोन्ही सारखे. वेगवेगळ्या उंचीच्या टाचांसाठी फर्म्यांच्या जोड्या ठेवणं परवडेना, असं कारण सहसा दिलं जातं. आता अवताराचा (त्या जगात आपण चालवतो त्या बाहुलीचा) पाय तर आपल्यासारखाच, डावा वेगळा, उजवा वेगळा. बुटाच्या आतलं पाऊल 'अल्फा' नावाचा थर लावून अदृश्य करता येतं, पण घोटा आणि पायाची वरची बाजू उघडीच राहते. त्याखाली अगदी सरळ बूट ठेवला की बाईने घाईत जोडे उलटसुलट घातलेत असं दिसतं. बूट वाकवून डावा-उजवा केला की छान दिसतो, फक्त तो अठराव्या शतकातला राहत नाही.

हा प्रश्न मी किती जणांपुढे ठेवला! एका नावाजलेल्या घडवणाऱ्याने, ज्याचे सशुल्क वर्ग भरभरून चालतात, उत्तर दिलं, "एक बूट बनव, आरशात उलटव, झालं. खालून कोण बघतंय?" एका गटात प्रश्न टाकला तर तिथे माझ्या प्रश्नावर सोडून सगळ्यावर चर्चा झाली, पॉलिगॉन (वस्तू ज्यांतून घडते ते छोटे पृष्ठभाग) किती ठेवावेत यावर दोघांचं भांडण जुंपलं आणि शेवटी मलाच 'विषयाला धरून बोला' अशी समज मिळाली. एका संग्रहालयाच्या छायाचित्र विभागाला नम्रपणे लिहिलं. बऱ्याच काळाने दरपत्रक आलं आणि सोबत नमुना म्हणून तोच, बाजूने काढलेला फोटो, जो पाहूनच मी त्यांना लिहिलं होतं. राग या गोष्टीचा नाही की त्यांना माहीत नव्हतं. प्रश्न पुरता वाचण्याचे कष्टही कुणी घेतले नाहीत, याचा आहे.

मग तुम्ही दुकानात आलात. काही विकत घेतलं नाहीत. अर्धवट बूट मी एका चौथऱ्यावर ठेवला होता, त्याच्याभोवती तुमचा अवतार कितीतरी वेळ नुसता उभा. मला वाटलं, तुमचं इंटरनेट बंद पडलं. नंतर कळलं की तुमचा कॅमेरा बुटाखाली होता. निघताना एक ओळ लिहिलीत: "टाचेच्या पुढच्या बाजूला तळाचं कातडं खाली उतरायला हवं, ते तुम्ही दाखवलंय. हे सहसा कुणी करत नाही. कुठे अडलंय?"

त्या 'कुठे अडलंय' या दोन शब्दांवर मी केवढं मोठं पत्र लिहिलं ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही खऱ्या आयुष्यात नाटकांसाठी जुन्या पद्धतीचे बूट हाताने शिवता, हे त्याच्या उत्तरात पहिल्यांदा समजलं. तेही ओझरतं, एका वाक्यात, जणू ते महत्त्वाचं नाही.

आणि मग फोटो आले. कसला कॅमेरा, किती कोनांतून, कुठली पद्धत, ते इथे लिहीत बसत नाही. तुमच्याकडे सरळ फर्म्यावर शिवलेल्या दोन जोड्या होत्या, एक कोरी आणि एक प्रयोगांमध्ये भरपूर वापरलेली. तुम्ही दोन्ही उलट्या करून ठेवल्यात. शेजारी मोजपट्टी. दिवा जमिनीलगत एका बाजूला ठेवलात, म्हणजे चिरेत दडवलेल्या टाक्यांची रेघ सावलीने उठून दिसावी. यातलं काहीही मी मागितलं नव्हतं. मला मागायला सुचलंही नसतं.

पण मी पुन्हा पुन्हा उघडून पाहते त्या चिठ्ठ्या. वापरलेल्या जोडीच्या प्रत्येक बुटाशेजारी कागदाचा एक कपटा, त्यावर पेन्सिलने 'डा' किंवा 'उ', आणि एक छोटा बाण, पायाची बाहेरची बाजू कुठली ते सांगणारा. मी गोंधळणार हे तुम्ही आधीच ओळखलं होतं. आणि कोऱ्या जोडीशेजारी दोन कपटे, दोन्हींवर तेच अक्षर, तेच शब्द: 'अजून कुठलाच नाही'.

मी मोठ्याने हसले, आणि हसता हसता माझं उत्तर मला मिळालं. बूट डावा-उजवा जन्मत नाही, पाय त्याला करतो. वापरलेल्या जोडीत तळ तसाच सरळ होता, पण करंगळीजवळचं रेशीम आणि आतलं अस्तर ताणून तळाच्या कडेबाहेर ओघळलं होतं. अंगठ्याच्या बाजूला तसं नव्हतं. टाचेची बाहेरची कड जास्त घासलेली. म्हणजे मला हवा होता तो बूट कोरा नव्हताच, थोडा वापरलेला होता. तळ एकच ठेवायचा, वरचा भाग मात्र दोन्ही पायांना वेगवेगळा, बाहेरच्या अंगाला जरा फुगवलेला. ज्याला बाजूने बघायचंय त्याला पाय बरोबर दिसतो. ज्याला खालून बघायचंय त्याला दोन सारखे तळ दिसतात, अठराव्या शतकातल्यासारखे.

हेच तुम्ही सरळ लिहून सांगू शकला असता. सांगितलं असतं तर मी ते जसंच्या तसं केलं असतं आणि विसरले असते. तुम्ही कागदाचे कपटे फाडलेत, पेन्सिल शोधलीत, त्यांवर लिहिलंत, ते वाऱ्याने उडू नयेत म्हणून एकावर आरी ठेवलीत (तिची मूठ फोटोत अर्धी आली आहे), आणि मला स्वतःला कळू दिलंत. अनोळखी बाईच्या, न दिसणाऱ्या पायांच्या, न अस्तित्वात असलेल्या बुटांसाठी.

मला अशा माणसांबद्दल बोलायचंच आहे, म्हणून जरा भरकटते. ज्ञान मुठीत धरून बसणारे पुष्कळ. त्यांचंही पोट त्यावर असतं, समजू शकते. पण तुमचंही पोट याच कामावर आहे ना? हा प्रत्येक टाका शिकायला तुमची बोटं सोलली असतील. तरी तुम्ही मोबदल्याचा शब्द काढला नाहीत, की "माझं नाव टाका" म्हणाला नाहीत. उलट बकलांचा विषय निघाला तेव्हा आणखी देऊन मोकळे झालात. लंडनचा डायरीलेखक सॅम्युएल पेपिस याने १६६० च्या जानेवारीत आपल्या बुटांना बकल लावायला सुरुवात केल्याची नोंद डायरीत करून ठेवलीय. ती बकलं शिवलेली नसत; काढून दुसऱ्या बुटाला लावत, म्हणून तर संग्रहालयांतले कितीतरी बूट बकलाविना, दोन पट्ट्या लोंबत असलेले दिसतात. त्या लोंबत्या पट्ट्यांना सजावट समजून त्यावर फुलं डकवलेले बूट मी विकले जाताना पाहिलेत. तुम्ही फक्त "पट्टीवर बकलाच्या काट्याने पडलेली भोकं ठेवा, म्हणजे ती कशासाठी आहे ते कळेल" एवढं म्हणालात आणि कुणाचीही टिंगल केली नाहीत. टिंगलीचं काम मी करते आहे, वर.

बूट आता दुकानात लागलाय. बकल सुटं आहे, दुसऱ्या जोड्यावरही चढतं. खपाचं विचाराल तर लांब चोचीचे जोडे अजूनही पुढे आहेत, लोकांना चोचीच आवडतात. पण परवा एक गिऱ्हाईक झोपाळ्यावर बसून मैत्रिणीला म्हणत होती, "बघ, दोन्ही तळ सारखे आहेत!" आणि ती मैत्रीण कॅमेरा खाली नेऊन बराच वेळ पाहत राहिली. 'खालून कोण बघतंय' म्हणणाऱ्या गृहस्थांना मी त्याचा स्क्रीनशॉट पाठवला. मोठेपणा दाखवून पाठवायला नको होता. पाठवला.

तुमच्या नावाची एक जोडी दुकानात मोफत ठेवली आहे, ती नाकारू नका. तुमच्या अवताराचे सध्याचे बूट पाहिलेत मी, बूट शिवणाऱ्या माणसाला ते शोभत नाहीत. आणि हो, पुढचं काम चोपीनचं घेतलंय, व्हेनिसच्या बायका घालत त्या लाकडी चौथऱ्यासारख्या उंच जोड्यांचं. काही तर अर्धा मीटर उंचीचे आहेत. त्यावर अवतार चालताना कमरेतून कसा तोल सांभाळेल ते मला काही केल्या जमत नाहीये. नाटकात कुणाला तसले घालून चालवलंय का तुम्ही? सवडीने कळवा.

तुमची कृतज्ञ,
चौथऱ्यावरच्या अर्धवट बुटाची मालकीण