मोटार वाढवू नका, शेपटी हलकी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या सुट्टीच्या पुरवणीत वायुदलाच्या जुन्या ‘दीपक’ या प्रशिक्षण विमानाचं रेडिओवर चालणारं मॉडेल घरी कसं बांधावं, याचा लेख आणि आराखडा आला. असं काही छापून येतं हेच विशेष. पण त्यातला एक सल्ला पोरांची विमानं पाडणारा आहे. ‘खानदेशात उन्हाळ्यात हवा विरळ होते, म्हणून एक नंबर मोठी मोटार आणि मोठी बॅटरी घ्यावी,’ असं लेखात म्हटलं आहे.

हवा विरळ होते, कबूल. पण किती? 15 अंशांच्या हवेपेक्षा 45 अंशांची हवा साधारण साडेनऊ टक्के विरळ असते. विमान तरंगत राहायला लागणारा किमान वेग घनतेच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणजे तो जेमतेम 5 टक्के वाढतो. आता वजनाचा हिशेब करू. खऱ्या दीपकचे पंख टोकापासून टोकापर्यंत 9.50 मीटर आणि क्षेत्रफळ 15 चौरस मीटर. 1/7 प्रमाणात पंख 1357 मिमी होतात आणि क्षेत्रफळ 30.6 चौरस डेसिमीटर. एवढ्या पंखावर 1700 ग्रॅम वजन असेल तर ताशी 34 किमीच्या आसपास विमान स्टॉल होतं, म्हणजे पंख त्याला तोलेनासे होऊन ते पडू लागतं. मोठी मोटार, तिच्यासाठी मोठा ईएससी (मोटारीचा वेग नियंत्रित करणारं सर्किट), त्यासाठी मोठी बॅटरी असं करत वजन 2000 ग्रॅमवर गेलं, की तोच वेग साडेआठ टक्क्यांनी वाढतो. उन्हाने केलं त्याहून जास्त नुकसान उपायाने केलं. प्रशिक्षण विमानाला किलोमागे 150 वॅट पुरतात. 1000 केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला 1000 फेरे घेणारी) 3536 मापाची मोटार, 11×5.5 इंचांचा प्रॉपेलर (प्रॉप), 50 अँपिअरचा ईएससी आणि 3 सेलची 2200 एमएएचची बॅटरी एवढ्यावर 1700 ग्रॅमचा दीपक आरामात उडतो. बॅटरीतली 80 टक्केच वापरायची आणि सरासरी 15 अँपिअर धरायचे, म्हणजे सात मिनिटं मिळतात. टायमर सहाचा लावावा.

मॉडेलं पडतात ती बहुतेक शेपटीच्या वजनाने. खऱ्या दीपकच्या नाकात 260 अश्वशक्तीचं सहा सिलिंडरचं लायकमिंग इंजिन असतं. मॉडेलच्या नाकात त्या जागी शंभर-दीडशे ग्रॅमची मोटार येते, पण शेपटी मात्र तेवढीच लांब राहते. गुरुत्वमध्यापासून शेपटीचं अंतर नाकाच्या जवळपास दुप्पट. त्यामुळे मागे 10 ग्रॅम जास्त गेले की पुढे 20 ग्रॅम शिसं आलंच. म्हणून एलेव्हेटर-रडरचे (शेपटीच्या हलत्या पट्ट्यांचे) सर्वो, म्हणजे ते हलवणाऱ्या छोट्या मोटारी, शेपटीत बसवू नयेत. ते पंखाच्या वर, केबिनखाली ठेवावेत आणि 2 मिमी कार्बन रॉडने त्यांची ओढ शेपटीपर्यंत न्यावी. उभी-आडवी शेपटी 3 मिमी डेप्रॉनची (थर्मोकोलच्या जातीच्या हलक्या फोम-शीटची) करावी आणि कडेला 1 मिमी कार्बन रॉड बसवावा. मागच्या भागावर रंगाचा दुसरा हात नको. पंखाची सरासरी रुंदी 225 मिमी धरून पहिल्या उड्डाणाला गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून 56 मिमीवर ठेवावा. बॅटरी आत बसवून पंखाखाली त्या रेषेवर दोन बोटं टेकवायची. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. शेपटी झुकली तर बॅटरी पुढे सरकवायची, आणि तरीही झुकलीच तर त्या दिवशी उडवायचं नाही. नाक जड असलेलं विमान आळशी उडतं, पण आवरता येतं. शेपटी जड असलेलं उचललं की नाक वर करून तिथेच कोलमडतं, आणि मग दोष मोटारीला मिळतो.

लेखात ‘5 मिमी शीट’ एवढंच लिहिलं आहे. ते वाचून मुलं फ्लेक्सच्या दुकानातून सनबोर्ड (पाट्यांसाठीचं प्लॅस्टिकचं जड शीट) आणतात. 5 मिमी सनबोर्ड चौरस मीटरला अडीच किलोच्या घरात जातो, त्याच जाडीचं डेप्रॉन 200 ग्रॅमच्या आसपास. तसंच, डेप्रॉनवर फेव्हिक्विक टाकलं तर थर्मोकोल विरघळतो तसं भोक पडतं. स्प्रे-पेंटनेही तेच होतं. त्याला फोम-सेफ गोंद किंवा इपॉक्सी लागतो आणि रंग पाण्यात मिसळणारा. वायुदलाचं गोल चिन्ह बाहेरून आत केशरी, पांढरं, हिरवं असं असतं. आपल्या चित्रात ते उलटं छापलं गेलं आहे.

पंखाचं टोक मुळापेक्षा दोन अंश, पुढची कड खाली येईल असं, पिळलेलं हवं. आराखड्यात त्याचा उल्लेख नाही. हा पीळ नसेल तर उतरतानाच्या शेवटच्या वळणावर, वेग कमी असताना, टोक आधी स्टॉल होतं आणि विमान एका पंखावर उलटून जमिनीत घुसतं. उंची तेव्हा पंधरा-वीस मीटरच असते, सावरायला वेळ कुठला?

विमानाची निवड मात्र लेखकाने बरोबर केली आहे. 1951 मध्ये उडालेल्या एचटी-2 या प्रशिक्षण विमानाचा मोह अनेकांना होतो, त्याचे रचनाकार डॉ. वि. मा. घाटगे यांच्यामुळे मराठी माणसाला जरा जास्तच. पण त्याचं तिसरं चाक शेपटीखाली आहे. काळ्या मातीच्या वावरात पुढचं चाक ढेकळाला अडलं की ते नाकावर पडतं आणि प्रॉप तुटतो. 1977 मध्ये पहिल्यांदा उडालेल्या दीपकला नाकाखाली चाक आहे, म्हणून तो सरळ पळतो. तरीही कपाशी उपटलेल्या रानात पऱ्हाटीची धसकटं नाकाचं चाक वाकवतातच. मुरमाची बरड जागा किंवा शाळेचं मैदान बघावं आणि चाकं प्रमाणापेक्षा मोठी, 65 मिमीची लावावीत. प्रमाणाचे कट्टर नाक मुरडतील, मुरडू द्यावं.

खानदेशी उन्हाचा खरा त्रास वेगळाच आहे. एप्रिल-मे महिन्यात सकाळी नऊनंतर वावटळी उठू लागतात, त्यात दीड किलोचं विमान पाचोळ्यासारखं फिरतं. बंद गाडीच्या डिकीत ठेवलेली लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी फुगते, हॉट ग्लूचे सांधे सुटतात. तापलेली बॅटरी निवल्याशिवाय चार्ज करू नये. 2200 एमएएचला 2.2 अँपिअरच द्यावेत आणि शेजारी वाळूची बादली ठेवावी. घरी ठेवताना दर सेलला 3.8 व्होल्ट.

उडवण्याआधी ट्रान्समीटरची काठी उजवीकडे दाबून उजवं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता पट्टा) वर जातं का ते पाहावं. ते उलटं जोडलेलं असल्याने पहिल्याच उड्डाणात मोडलेली विमानं थोडी नाहीत. मग विमान घट्ट धरून ट्रान्समीटर बंद करावा. मोटार थांबली नाही, तर फेलसेफ (संपर्क तुटताच मोटार बंद करणारी सोय) लावलेला नाही असं समजावं.

वजन 2 किलोच्या आत ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. ड्रोन नियम 2021 नुसार तेवढ्या वजनाला बिगर-व्यावसायिक वापरासाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. मात्र चालू विमानतळापासून 8 किमीच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि 8 ते 12 किमीच्या पट्ट्यात उंचीची मर्यादा 60 मीटर आहे. जळगाव शहरातल्या मुलांनी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आधी पाहावा.

पुरवणीचा पुढचा भाग निघेल तेव्हा तोच आराखडा गुरुत्वमध्याची खूण, पंखाचा पीळ आणि वजनाची मर्यादा घालून पुन्हा छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)