फॉर्म नुसता आकड्यांवर बघू नका

मा. संपादक,
वर्ल्ड कप आला की बिंदू चौकापासून पेपरापर्यंत याला काढा त्याला घ्या सुरू होतं, मला ते लय खटकतंय. 2024 च्या टी-20 वर्ल्ड कपला फायनलआधी कोहलीचे 7 इनिंगमध्ये मिळून 75 रन, आमच्या गल्लीत पोरं टीव्हीपुढं हात जोडून बसलेली, आणि बार्बाडोसला फायनलमध्ये त्यानं 59 बॉलला 76 मारले अन् आपण 7 रननं जिंकलो. उलट 2023 च्या वन-डे वर्ल्ड कपला ओळीनं 10 मॅच जिंकून अहमदाबादला फायनल हरलो. 2027 चा वन-डे वर्ल्ड कप जास्त करून दक्षिण आफ्रिकेत आहे, तिथं बॉल उसळतो, तर इथल्या पाटा, म्हणजे बॅटिंगला सोप्या विकेटवरची शतकं मोजण्यापेक्षा शॉर्ट बॉल (आखूड टप्प्याचा, अंगावर उसळणारा) कोण नीट खेळतोय, फास्ट बॉलर बुमराहला विश्रांती किती मिळतीय, ते छापा की राव.
– एक वाचक, कोल्हापूर