कारखान्यातली गिटार म्हणजे दुय्यम नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला गिटारवरचा लेख वाचला. मराठी वर्तमानपत्राने या वाद्याला पानभर जागा दिली याचा मनापासून आनंद झाला. मात्र एकट्या कारागिराने हाताने घडवलेली गिटार तेवढी अस्सल आणि कारखान्यातली दुय्यम, हा लेखाचा सूर मला पटला नाही. वसईत माझं गिटार दुरुस्तीचं काम आहे. चर्चमधल्या, लग्नाच्या बँडमधल्या, आखातातून किंवा अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या अशा सगळ्या गिटारी माझ्या टेबलावर येतात, म्हणून लिहावंसं वाटलं.

आज जगातले कितीतरी नामवंत कारागीर ज्या नमुन्यावर मेहनत घेतात, तो नमुनाच कारखान्यातला आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात नाझरेथ नावाच्या गावी मार्टिन कंपनीचा कारखाना आहे. कंपनी १८३३ पासूनची. तिची डी-१८ आणि डी-२८ ही मॉडेलं १९३४ पासून चौदाव्या फ्रेटला (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) नेक, म्हणजे गिटारचा दांडा, जोडून बनू लागली. टॉपच्या, म्हणजे समोरच्या फळीच्या, आतल्या बाजूला इंग्रजी एक्सच्या आकारात पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्या काळी त्या पटाशीने कोरून हलक्या करत, आणि म्हणून त्या गिटारींचा खर्ज एवढा मोकळा आहे. पुढे वादक जाड तारा चढवू लागले, टॉप फुगू लागले, तेव्हा १९४४ च्या सुमारास कंपनीने कोरणं थांबवलं. १९७६ मध्ये एचडी-२८ काढून तिने ते पुन्हा सुरू केलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात रिचर्ड हूवर यांनी साथीदारांसह सांता क्रूझ गिटार कंपनी काढली. टेक्सासमध्ये बिल कॉलिंग्ज यांनी नाव कमावलं. दोघांनीही आदर्श मानला तो १९३०-४० च्या काळातल्या मार्टिनचाच. लेखात यातलं काहीच आलं नाही, याची खंत वाटते.

कारागिराच्या हाताची किंमत मी कमी करत नाही. टॉपसाठी वापरतात त्या स्प्रूस लाकडाच्या सारख्याच जाडीच्या दोन फळ्या घ्या, एक दाबली की लवते, दुसरी ताठ राहते. चांगला कारागीर फळी वाकवून, बोटाने ठोकून, कान लावून ठरवतो की अजून किती रंधा मारायचा. कारखान्याला एक आकडा ठरवून पुढे जावं लागतं. तारांचा ताण सत्तर किलोच्या वर असतो, आणि हजारो गिटारींची हमी द्यायची असल्यामुळे कारखाना टॉप थोडा जाडच ठेवतो. कारागीर टॉप पातळपणाच्या अगदी काठापर्यंत नेऊ शकतो. अशी गिटार हातात घेतली की हलक्या बोटालाही ती भरभरून बोलते. तो आवाज मी ऐकला आहे आणि मला तो फार आवडतो.

पण हा पातळ टॉप आपल्या कोकणपट्टीच्या हवेत टिकवायचा कसा, हा प्रश्न लेखाने विचारलाच नाही. चांगल्या कारखान्यात आणि कार्यशाळेत हवेतली आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास राखतात. वसईत जुलैमध्ये ती ८० च्या वर असते. गेल्या पावसाळ्यात अशीच एक परदेशी कारागिराच्या हातची गिटार माझ्याकडे आली. टॉप ब्रिजच्या (तारा जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीच्या) मागे फुगलेला, तारा बोटं दुखावीत इतक्या वर गेलेल्या, आणि ब्रिजच्या मागच्या कडेला पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. फट भरायला आधी कोणीतरी एपॉक्सी हा कडक होणारा गोंद ओतला होता, तो खरवडून काढण्यातच बराच वेळ गेला. नेक बोल्टने बसवली आहे की खाच करून चिकटवली आहे, हे आरसा आणि बारीक दिवा आत घालून शोधावं लागलं. बनवणारा दुसऱ्या खंडात, पत्रव्यवहार करायलाही भाषा आडवी आली.

जुन्या डी-१८ ची नेक काढायची असेल तर जगातल्या कुठल्याही गिटार कारागिराला रस्ता माहीत असतो. पंधरावी फ्रेट उपसायची, तिच्या खाचेत बारीक भोक पाडून सुईने वाफ सोडायची, आतला गोंद सैल झाला की नेक हलक्या हाताने वर येते. पिढ्यान्‌पिढ्या एकच घडण ठेवल्याचा हा फायदा आहे, आणि माझ्या लेखी तो आवाजाइतकाच मोलाचा आहे.

लाकडाबद्दल एक सांगायलाच हवं. ब्राझीलच्या रोजवूडची लेखात फार भलामण आहे. त्या लाकडाच्या व्यापारावर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. मार्टिनने तर १९६९ मध्येच डी-२८ साठी भारतीय रोजवूड घ्यायला सुरुवात केली. म्हणजे आपलं शिसवी लाकूड, ज्याचे देव्हारे आणि पाट आपल्या घरांत आहेत. २०१८ साली इंग्लंडमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. रॉजर बकनॉल या ब्रिटिश कारागिराने सहा गिटारी बनवल्या, पाठ आणि बाजूंचं लाकूड फक्त वेगवेगळं. ५२ वादकांनी अंधुक खोलीत वेल्डिंगचे चष्मे लावून त्या वाजवल्या. ब्राझीलचं रोजवूड काही उठून दिसलं नाही. सगळ्या गिटारींना जवळपास सारखीच पसंती मिळाली.

मुलाला पहिली गिटार घेणाऱ्या पालकांनी लेख वाचून घाबरू नये, एवढीच माझी तळमळ आहे. साध्या कारखान्याच्या गिटारचा नट (नेकच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) नीट कापून, सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) घासून तारा योग्य उंचीवर आणल्या की मुलाचं बोट दुखत नाही आणि तो शिकतो. हे काम बहुतेक ठिकाणी तासाभरात होतं.

या विषयावर पुढचा लेख येणार असेल तर त्यात पावसाळ्यातली निगा आणि दुरुस्ती यांनाही जागा द्यावी, ही विनंती. सुटलेल्या ब्रिजचे आणि आतल्या पट्ट्यांचे फोटो माझ्याकडे आहेत, हवे असल्यास पाठवतो.

आपला,
गिटार दुरुस्त करणारा एक वाचक, वसई